शेवट माहीत असलेल्या गोष्टी

‘संगीत सौभद्र’ पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार हे पक्कं ठाऊक असतं. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते रंगभूमीवर आणलं, तेव्हाही ठाऊक होतंच. तरी लोक रात्ररात्र बसले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या बसत राहिले. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलं आहे. अर्जुन यतीचा वेष घेऊन आला आहे. आणि या यतीची सेवा करायला घरच्यांनीच नेमली आहे ती सुभद्रा. नावं तेवढी बदलली, तर हा मजकूर आजच्या कुठल्याही इंग्रजी प्रेमकादंबरीच्या मलपृष्ठावर शोभून दिसेल: मनाविरुद्ध ठरलेलं लग्न, लपवलेली ओळख, एका छपराखालचा सक्तीचा सहवास. अशा घडणींना तिथले वाचक ट्रोप म्हणतात. दुकानात जाऊन पुस्तक मागतानाही ते लेखिकेच्या नावाआधी ट्रोपचं नाव घेतात. आधी वैरी मग प्रेमी, खोटं खोटं जोडपं, कराराचं लग्न, एकाच खोलीत एकच पलंग, दुरावलेल्यांची दुसरी संधी, तिरसट तो आणि हसरी ती.

हे पुस्तक या ट्रोप्सविषयी आहे. ते मराठीत यावं असं मला फार दिवस वाटत होतं, कारण आपल्याकडे या कादंबऱ्या वाचल्या भरपूर जातात आणि त्यांच्याविषयी बोललं जवळजवळ काहीच जात नाही. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून, गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधून मिल्स अँड बूनची पुस्तकं कॉलेजातल्या मुलींच्या कित्येक पिढ्यांनी नेली, वाचली, परत केली. वर्तमानपत्रात गुंडाळून नेली, हेही खरं. ज्या वाचनावर इतक्या जणींनी इतके तास खर्च केले, त्याला ‘टाइमपास’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ना. सी. फडक्यांना आयुष्यभर स्वप्नरंजनाचा ठपका सोसावा लागला. पण मनोरंजक कथा रचायलाही तंत्र लागतं, ते शिकता येतं आणि शिकवता येतं, हे मराठीत ठासून सांगणारं ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली लिहिलं तेही त्यांनीच. ती चर्चा पुढे कला की जीवन या वादात अडकली. तंत्राचा मुद्दा मागे पडला.

आधी हद्द आखून घेऊ. प्रेम असलेली प्रत्येक कादंबरी या जातीची नव्हे. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांची संघटना १९८० साली स्थापन झाली. तिने केलेल्या व्याख्येत दोनच अटी आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. या हिशेबाने ‘देवदास’ बाद, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ही बाद. कॉलीन हूवरची ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ साली आली आणि पाच वर्षांनी टिकटॉकवरच्या वाचकांमुळे अफाट खपली. तिची नायिका मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडते. म्हणून दुकानात ती याच फळीवर असली, तरी जुन्या जाणत्या वाचक तिला निखळ प्रेमकादंबरी मानत नाहीत. शेवटाबाबत हा वाचकवर्ग अजिबात तडजोड करत नाही. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका गावातल्या वाचक बायकांशी बोलून लिहिलं. त्यांतल्या काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवटची पानं उघडून पाहत. आणि पुस्तक हातात असताना घरच्यांनी हाक मारू नये, हा वेळ आपला एकटीचा, असं त्या सांगत. मला या अभ्यासातली ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते. दिवसभर दुसऱ्यांची काळजी वाहणारी बाई अशी गोष्ट वाचते आहे, ज्यात कुणीतरी तिच्यासारखीची काळजी घेतं.

शेवट ठरलेला असेल, तर लेखिकेच्या हातात उरतं काय? अडथळा. ही दोघं पहिल्या वीस पानांतच एकत्र का येत नाहीत, या एका प्रश्नाचं उत्तर तिला तीनशे पानं पुरेल इतकं पक्कं द्यावं लागतं. पामेला रेजिस यांनी २००३ साली प्रेमकादंबरीची आठ अंगं सांगितली, त्यांतही अडथळा आहे. माझ्या मते बाकीची सात त्याच्याभोवती फिरतात. ट्रोप म्हणजे अडथळ्याची तयार, पारखलेली घडण, असं धरून चाललं की हे सगळं विश्व लख्ख दिसायला लागतं.

जेन ऑस्टिनला अडथळा शोधत हिंडावं लागलं नाही. तो भोवतालच्या समाजाने दिलेलाच होता. १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये बेनेट कुटुंबाला पाच मुली आहेत, मुलगा नाही, आणि वडिलांच्या पश्चात मालमत्ता दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. मुलींना लग्नावाचून सन्मानाने जगण्याचा मार्ग जवळपास नाही. या परिस्थितीत श्रीमंत डार्सी कादंबरीच्या ऐन मध्यावर एलिझाबेथला मागणी घालतो आणि प्रेम व्यक्त करता करता तिच्या घराण्याचा कमीपणा, तिच्या माणसांचं वागणं, स्वतःच्या मनाशी आपल्याला किती झगडावं लागलं, हे सगळं तिला ऐकवतो. त्याची अशी समजूत आहे की एवढं मोठं मन आपण दाखवल्यावर नकाराचा प्रश्नच येत नाही. ती नकार देते. त्या काळच्या निर्धन मुलीने दहा हजार पौंड वार्षिक उत्पन्नाच्या माणसाला, त्याने आपला मान ठेवला नाही म्हणून, नाही म्हणावं! ‘आधी वैरी मग प्रेमी’ हा ट्रोप पुढे हजारो वेळा लिहिला गेला. जिथे जिथे तो फसला, तिथे लेखिकेला हा नकार लिहिता आला नाही, असंच मला आढळलं आहे. दोघांची नुसती भांडणं लिहून भागत नाही. एकाने दुसऱ्याचं काहीतरी खरोखर दुखावलेलं असावं लागतं, आणि ते भरून काढायला त्याला बदलावं लागतं.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. न्यूयॉर्कमध्ये किंवा मेलबर्नमध्ये राहणारी तिशीची दोन माणसं, दोघं कमावती, दोघं एकटी, आईवडील दुसऱ्या गावी. त्यांनी एकत्र यायला कुणाची हरकत आहे? कुणाचीच नाही. जात विचारत नाहीत, पत्रिका पाहत नाहीत, इस्टेट अडवत नाही. समाजाने अडथळे काढून घेतले आणि कादंबरीकाराची पंचाईत झाली. आजचे बहुतेक ट्रोप्स या पंचाइतीतून घडले किंवा नव्याने कामाला लागले आहेत. जो अडथळा बाहेर उरला नाही, तो माणसाच्या आत शोधावा लागला: नाकारलं जाण्याची भीती, कामाचा अहंकार, जुन्या नात्याचा डाग, आपण कुणाला हवे आहोत यावर विश्वासच न बसणं.

सॅली थॉर्नची २०१६ मधली ‘द हेटिंग गेम’ यासाठी जवळून पाहण्यासारखी आहे. दोन प्रकाशनसंस्थांचं विलीनीकरण झालंय, म्हणून दोन प्रमुख आहेत आणि दोघांचे दोन साहाय्यक, ल्यूसी आणि जोशुआ, समोरासमोरच्या टेबलांवर बसतात. दिवसभर त्यांचे खेळ चालतात. एकमेकांकडे टक लावून बघायचं, दुसऱ्याच्या हालचालींची आरशासारखी नक्कल करायची, मनुष्यबळ विभागाकडे तक्रारी न्यायच्या. ल्यूसी निवेदक आहे, आणि ती आपल्याला सांगते की या माणसाचा तिला तिटकारा आहे. पण त्याचे शर्ट कुठल्या क्रमाने येतात हे तिला पाठ आहे. कुठला रंग कुठल्या दिवशी, याचा तिने हिशेब ठेवलाय. ज्याचा तिटकारा येतो, त्याच्या शर्टांचा हिशेब कोण ठेवतं? वाचकाला हे पहिल्या काही पानांतच कळतं, ल्यूसीला कळायला अर्धं पुस्तक जातं, आणि या दोन कळण्यांमधल्या अंतरात सगळी गंमत आहे. पुढे ती त्याच्या घरी जाते तेव्हा त्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंतींचा निळा रंग तिच्या डोळ्यांच्या रंगाशी जुळवलेला निघतो. म्हणजे हिशेब त्यानेही ठेवला होता. इथे अडथळा एवढाच की दोघांनाही पहिल्यांदा बोलून हरायचं नाही. तो क्षुल्लक वाटतो खरा, पण ज्याने कधी तरी असं मौन पाळलंय त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही.

खोट्या जोडप्याचा ट्रोप याहून कसबाचा आहे, कारण त्यात दोघांनाही ढोंग करायला सबळ कारण द्यावं लागतं. ॲली हेझलवूड या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक. त्यांच्या ‘द लव्ह हायपोथेसिस’ (२०२१) या कादंबरीत ऑलिव्ह ही पीएचडीची विद्यार्थिनी मैत्रिणीची समजूत पटावी म्हणून समोर दिसेल त्या पुरुषाचं चुंबन घेते, आणि तो निघतो विभागातला सर्वात खडूस प्राध्यापक. त्यालाही हे नाटक सोयीचं आहे. तो विद्यापीठ सोडून जाईल या शंकेने त्याचा संशोधन निधी अडवून ठेवलाय. इथे नातं जुळलंय असं दिसलं तर ती शंका जाईल. दोन्ही कारणं प्रयोगशाळेच्या जगातून आली आहेत, म्हणून ती खरी वाटतात. ढोंगाचा फायदा असा, की खऱ्या प्रेमात जे बोलायला जीभ रेटत नाही, ते ‘नाटक’ म्हणून सहज बोलता येतं.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. २०१२ साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लागायची, तेव्हा घना आणि राधाने काय केलं होतं? घरच्यांसाठी करारावर लग्न, नंतर घटस्फोट घ्यायचा या बोलीवर. आणि मध्ये काळे कुटुंबाचा तो भरलेला गोतावळा, ज्याच्यापुढे रोज नवरा-बायको म्हणून वावरायचं. इंग्रजी कादंबरीत खोटं जोडपं एखाद्या लग्नसमारंभापुरतं किंवा परिषदेपुरतं लोकांसमोर येतं. इथे प्रेक्षक घरातच होते, चोवीस तास. मला हे रूप मूळ घडणीपेक्षाही भक्कम वाटतं.

कराराच्या लग्नाबाबत तर आपण वेगळेच वाचक आहोत. इंग्रजीत या ट्रोपची मोहिनी अशी की आधी लग्न आणि मग प्रेम हा क्रम त्यांच्याकडे उलटा. जॉर्जेट हेयरने १९३४ च्या ‘द कन्व्हीनियन्ट मॅरेज’मध्ये तो जुन्या सरदारी काळात नेऊन बसवला, कारण वर्तमानात तो पटवणं अवघड. आपल्या आज्या-पणज्यांसाठी हा क्रम सुलटा होता. चहा-पोह्याच्या कार्यक्रमात पाहिलेल्या माणसाची पुढे वर्षभरात हळूहळू ओळख होणं, त्याची एखादी सवय आवडू लागणं, एखाद्या आजारपणात तो जागला म्हणून मन वळणं, हे हजारो घरांत घडलं आणि हजारो घरांत घडलं नाही. म्हणून आपली वाचक हा ट्रोप वाचताना त्यातली फट लगेच पकडते. करार मोडून निघून जायची मुभा नायिकेला आहे का? ती असेल तरच राहण्याला अर्थ. चांगल्या लेखिका ही मुभा कादंबरीत कुठे तरी स्पष्ट देतात.

एकाच पलंगाच्या ट्रोपवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच सांगते: १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटात खोलीच्या मध्ये दोरीवर टांगलेलं ब्लँकेट आपण ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है कि मानता नहीं’ या वाटेने ओळखतोच.

या साहित्याचा बाजारही समजून घ्यायला हवा. मिल्स अँड बून ही संस्था १९०८ साली लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तकं काढायची. १९३० च्या दशकात भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं इंग्लंडभर पसरली, आणि वाचक लेखिकेच्या नावापेक्षा या प्रकाशनाचं नाव बघून पुस्तक नेतात हे ध्यानात आल्यावर संस्थेने प्रेमकादंबरी हेच आपलं काम ठरवलं. कॅनडात १९४९ साली निघालेल्या हार्लेक्विनने १९५७ पासून ही पुस्तकं उत्तर अमेरिकेत छापली आणि १९७१ मध्ये सगळी संस्थाच विकत घेतली. २०१४ साली हार्लेक्विन हार्परकॉलिन्सकडे गेली. भारतातली स्वतंत्र शाखा २००८ मध्ये उघडली. तोवर आपल्याकडची वाचक ग्रीक जहाजमालक आणि स्पॅनिश सरदार यांच्याशी चांगली परिचित झाली होती.

आता कडू भाग. १९७२ च्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबरीचं युग सुरू केलं, आणि तिच्या सुरुवातीलाच नायक नायिकेवर बलात्कार करतो. पुढे त्याच्यावरच तिचं प्रेम बसतं. ही कादंबरी अपवाद ठरली नाही, तिच्यामागे रांग लागली. समर्थन असं केलं जाई, की शरीराची इच्छा उघड बोलायची सोय नसलेल्या बाईला ती अशा वाटेने वाचता आली. मी हे समर्थन समजू शकते, मान्य करू शकत नाही. जबरदस्तीला प्रेमाचा पाया म्हणणं ही या साहित्याने केलेली सर्वात मोठी हानी आहे. आजच्या मुख्य धारेतल्या लेखिकांनी ती वाट बरीचशी सोडली. संमती विचारणं हाच आता शृंगाराचा भाग म्हणून लिहिला जातो, आणि तो उत्कट लिहिता येतो हे सिद्धही झालंय. पण जुना नायक सूट घालून परत येतो: अब्जाधीश, हुकमी, नायिकेचा फोन तपासणारा, तिने कुणाशी बोलावं हे ठरवणारा. ती मालकी मत्सराच्या नावाखाली गोड करून वाढली जाते. या पुस्तकातल्या ‘बॉस आणि ती’ या प्रकरणात लेखिकेने अशा पानांची झाडाझडती घेतली आहे. त्यात तिने कुणाची भीड ठेवलेली नाही, म्हणून मला ते प्रकरण सर्वात आवडलं.

दुसरीकडे हेच साचे वापरून नवं काम झालंय ते प्रेमाचा हक्क कुणाला, या प्रश्नावर. व्हिव्हियन स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय संपादिकेने १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशनात बसून कृष्णवर्णीय नायिकांच्या प्रेमकादंबऱ्यांना दार उघडलं. वर उल्लेख केलेल्या संघटनेच्या संस्थापकांतही त्या होत्या. हेलन होआंगच्या ‘द किस कोशंट’ची (२०१८) नायिका स्वमग्न आहे, आणि स्वतः लेखिकेलाही मोठेपणीच आपल्या स्वमग्नतेचं निदान कळलं. टालिया हिबर्टच्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’मधली (२०१९) क्लोई अंगदुखीच्या जुनाट आजाराने त्रस्त आहे. आजारी नायिका पूर्वी मरण्यासाठी असायची. इथे तिचं दुखणं शेवटच्या पानापर्यंत बरं होत नाही आणि तरी ती सुखी होते. सोनाली देव यांच्या ‘अ बॉलिवूड अफेअर’मध्ये (२०१४) राजस्थानातल्या मिलीचं लग्न ती चार वर्षांची असतानाच लावून दिलेलं आहे, आणि तेव्हापासून न पाहिलेल्या नवऱ्याची वाट बघत ती मोठी झाली आहे. असा अडथळा अमेरिकेतच वाढलेल्या लेखिकेला सुचला नसता.

एक गोष्ट मात्र मला खटकते. अलीकडे पुस्तकाच्या जाहिरातीत कथानकाऐवजी ट्रोप्सच बाण काढून दाखवलेले असतात, आणि काही कादंबऱ्या त्या बाणांबरहुकूम लिहिलेल्या वाटतात. साचा आहे, पण त्यातली माणसं कुठून आली, काय खातात, कशाला घाबरतात याचा पत्ता नाही. शेवटाआधीचा दुरावा तर कित्येकदा एका फोनने मिटेल इतका लटका असतो. साचा ओळखून त्याच्याशी भिडणारी लेखिका काय करू शकते, हे बघायचं तर एमिली हेन्रीची ‘बुक लव्हर्स’ (२०२२) वाचावी. खेड्यात जाऊन साध्या मुलीच्या प्रेमात पडणारा शहरी पुरुष अशा अनेक गोष्टींत असतो, आणि त्याची शहरातली, कामात बुडालेली, थंड मैत्रीण पहिल्या काही पानांत टाकून दिली जाते. हेन्रीने त्या टाकलेल्या बाईलाच नायिका केलं. नोरा शेवटपर्यंत शहर सोडत नाही, काम सोडत नाही, मवाळ होत नाही. आणि तरी तिला कुणी जीव लावतं.

मराठीतल्या परंपरेचा विचार केल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ निघाला. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांची पुस्तकं वाचनालयांतून हातोहात जात. आज ती जागा मोबाइलने घेतली आहे. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठी लेखिका भागाभागाने प्रेमकथा लिहितात. त्यांत करारी लग्न आणि श्रीमंत उद्योजक पुष्कळ. वाचकही पुष्कळ. संपादक मात्र नाही.

आणि इथे अडथळ्याचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. न्यूयॉर्कच्या लेखिकेला अडथळा आतून काढावा लागतो, कारण बाहेर तो उरला नाही. आपल्याकडे तो बाहेरच उभा आहे. जात आहे, पोटजात आहे, धर्म आहे, मुलीची पसंती म्हणजे घराची बेअब्रू मानणारे भाऊबंद आहेत. ‘सैराट’ने २०१६ मध्ये हे दाखवलं आणि जसा दाखवायला हवा तसाच शेवट दाखवला. पण त्यातल्या आर्ची आणि परशासारखी जोडपी जिवंत राहतातही. ती भाड्याच्या खोलीत संसार करतात, कित्येक वर्षांनी आईला चोरून फोन करतात, मुलाच्या शाळेच्या अर्जातल्या जातीच्या रकान्यापाशी थबकतात, सुखीही होतात. त्यांच्यावर शेवट गोड असलेली प्रेमकादंबरी मराठीत मला फारशी दिसत नाही. आपल्या लोकप्रिय लेखिका बंगला आणि कंपनी असलेला नायक उसना आणतात, आणि समोरचा अडथळा सोडून देतात.

ज्या आता मोबाइलवर भाग लिहीत आहेत, त्यांना माझं सांगणं आहे: हे पुस्तक तंत्रासाठी वाचा, आणि मग तो अडथळा घ्या जो तुमच्या गल्लीत आहे. शेवट गोडच करा, हक्काने करा. मराठी प्रकाशकांना विनंती आहे, की अशी हस्तलिखितं आली तर ‘बायकांचं हलकं वाचन’ म्हणून बाजूला सारू नका; त्यांना चांगला संपादक द्या, नीट मुखपृष्ठ द्या, आणि प्रती तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत पोहोचवा.